रिकामी खुर्ची: मोठ्यांच्या वर्गातला छळ समजून घेताना

समजा, बारा आठवड्यांचा संध्याकाळचा वर्ग आहे. दिवसभराचं काम उरकून माणसं येतात. कुणी नवी भाषा शिकतंय, कुणी हिशेबाचं सॉफ्टवेअर, कुणी अर्धवट राहिलेली परीक्षा पुन्हा द्यायची म्हणून बसलंय. पाचव्या आठवड्यापासून एक जण यायची बंद होते. फोन केला तर म्हणते, "घरी जरा अडचण आहे." हजेरीपटावर तिच्या नावापुढे 'वैयक्तिक कारण' असा शेरा पडतो आणि सहाव्या आठवड्याचा धडा सुरू होतो.

वर्षभराने कधीतरी कळतं, की अडचण घरी नव्हती. वर्ग संपल्यावर रात्री येणारे मेसेज आणि 'तुला वेगळं समजावून सांगतो' म्हणत थांबवून घेणं, ही ती अडचण होती. अशी एखादी बातमी आली की पहिला प्रश्न ठरलेला: "ती काय लहान होती? तेव्हाच का नाही बोलली?" असं विचारणारे सगळेच निर्दयी असतात असं मला वाटत नाही. पुष्कळांना ते खरोखरच उलगडत नाही. शाळेतल्या मुलाचा छळ समजतो. नोकरीतला छळही समजतो, कारण तिथे पोटाचा प्रश्न असतो. पण आपल्या मर्जीने, आपले पैसे भरून शिकायला आलेला सज्ञान माणूस? तो उठून जाऊ शकतो की.

जातोच तो. आणि गोम तिथेच आहे. मोठ्यांच्या वर्गात छळ झाला की पुष्कळदा तक्रार येतच नाही, खुर्ची तेवढी रिकामी होते. ही रिकामी खुर्ची वाचायला न शिकल्यामुळेच "आमच्याकडे असलं काही होत नाही" असं संस्था मनापासून म्हणू शकतात.

आधी शब्दाकडे बघू

'वैयक्तिक कारण' या दोन शब्दांना एक इतिहास आहे. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात नोकरी करणाऱ्या कार्मिटा वुड यांनी १९७४ साली आठ वर्षांची नोकरी सोडली. तिथला एक प्राध्यापक सतत अंगचटीला यायचा. त्यांनी दुसऱ्या विभागात बदली मागून पाहिली, ती मिळाली नाही. बेरोजगार भत्त्यासाठी अर्ज केला तेव्हा नोकरी का सोडली असं विचारण्यात आलं. जे घडलं ते सांगायला त्यांच्याकडे शब्दच नव्हता. लाज वाटत होती, आणि रकाना तर भरायचा होता. त्यांनी 'वैयक्तिक' असं उत्तर दिलं आणि भत्ता नाकारला गेला.

त्याच सुमारास लिन फार्ली त्याच विद्यापीठात स्त्रिया आणि काम या विषयाचा वर्ग घेत होत्या. वर्गातल्या स्त्रिया आपापल्या नोकऱ्यांबद्दल बोलू लागल्या, तेव्हा दिसलं की जवळजवळ प्रत्येकीने असल्याच त्रासापायी कधी ना कधी काम सोडलं होतं किंवा गमावलं होतं. वुड यांची गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचली आणि १९७५ मध्ये या मंडळींनी त्या अनुभवाला नाव दिलं: लैंगिक छळ. नाव मिळालं एका वर्गात, मोठी माणसं एकत्र बसून बोलू लागली तेव्हा. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

आज 'छळ' या शब्दाची कक्षा त्याहून मोठी आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१९ साली स्वीकारलेल्या १९० क्रमांकाच्या करारातली व्याख्या सोप्या भाषेत अशी: ज्याने शारीरिक, मानसिक, लैंगिक किंवा आर्थिक इजा होते किंवा होण्याची शक्यता असते, असं कुठलंही अस्वीकार्य वागणं, किंवा तशी धमकी. मग ते एकदाच घडलेलं असो वा पुन्हा पुन्हा. यातले दोन मुद्दे लक्षात ठेवण्यासारखे आहेत. एक, 'माझ्या मनात तसं नव्हतं' एवढ्याने प्रश्न मिटत नाही, कारण व्याख्या परिणामाकडेही बघते. दोन, 'एकदाच तर झालं' हाही बचाव नाही.

म्हणजे रात्रीचे मेसेज यात येतात, तसंच कुणाच्या उच्चारांची रोज नक्कल करणंही येतं. चाळिशीतल्या विद्यार्थ्याला 'आजोबा, जमेल का?' म्हणून वर्गाला हसवणं, अपंगत्वावरून, जातीधर्मावरून टोमणे मारणं, एखादीला गटातून पद्धतशीर वगळणं, तिचा फोटो विनापरवानगी ग्रुपवर फिरवणं हेही छळाच्या हद्दीत येऊ शकतं.

सज्ञान माणूस अडकतो तो कसा

गाडी शिकवणाऱ्यांच्या गाडीत पुष्कळदा दोन ब्रेक असतात, एक शिकणाऱ्याच्या पायाखाली आणि दुसरा शिकवणाऱ्याच्या. शिकणारा पन्नास वर्षांचा असेल, बाहेर शंभर माणसांच्या हाताखालचा कारखाना चालवत असेल, पण त्या गाडीत बसल्यावर दुसऱ्याच्या ब्रेकवर विसंबणं त्याने मान्य केलेलं असतं. शिकणं म्हणजे काही काळापुरता स्वतःचा ताबा थोडा सोडणं. चुका होणार, त्या कुणीतरी बघणार, 'हे बरोबर की चूक' ते दुसरा ठरवणार. वयाने सज्ञान असणं आणि त्या खोलीत बरोबरीचं असणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

शिवाय मोठ्यांच्या शिकण्याला काही खास गाठी असतात. पुष्कळ जण दुसरी संधी म्हणून आलेले असतात आणि शिक्षण एकदा सुटल्याची खंत मनात असते. पुन्हा सोडायचं म्हणजे घरच्यांना काय सांगायचं? कुणाची बढती या प्रमाणपत्रावर अडलेली असते, तर कुणाला मालकानेच पाठवलेलं असतं. परक्या प्रदेशात येऊन तिथली भाषा शिकणाऱ्याला बोलायचं म्हटलं तर ज्या भाषेत बोलायचं ती अजून येत नसते. तक्रार करायला लागणारे शब्दच तो त्या वर्गात शिकत असतो, आणि शिकवणारा असतो त्रास देणाराच. याहून पक्की कोंडी कुठली?

आणखी एक गोष्ट सहज सुटते. शाळेत मुलामागे आईवडील असतात, नोकरीत मनुष्यबळ विभाग किंवा संघटना असते. संध्याकाळच्या वर्गात येणाऱ्यामागे कुणी नसतं. वर्ग घेणारा, फी घेणारा, प्रमाणपत्र देणारा आणि तक्रार ऐकणारा हे चौघे कित्येक ठिकाणी एकच व्यक्ती असते.

छळ नेहमी वरूनच येतो असं मात्र नाही. सहविद्यार्थ्यांकडून येतो तो जास्त गुळगुळीत असतो. अभ्यासगटाच्या नावाने नंबर मिळवायचा आणि मग पाठ सोडायची नाही, असा त्याचा ढंग. तरुण शिक्षिकेला वयाने मोठे विद्यार्थी हैराण करतात तेव्हा तर कुणाला ती तक्रारीची बाबच वाटत नाही. 'वर्ग सांभाळता येत नाही' असा ठपका उलट तिच्यावरच पडतो.

"म्हणजे शिक्षकाने आता चुकाही दाखवायच्या नाहीत?"

हा आक्षेप रास्त आहे, आणि शिकवणाऱ्यांच्या मनात तो खरोखर असतो. उत्तरासाठी मला तीन प्रश्न उपयोगी वाटतात. बोलणं कामाबद्दल आहे की माणसाबद्दल? "तुमच्या या परिच्छेदात मुद्दा सापडत नाही" हे कडक आहे, पण कामाबद्दल आहे. "तुमच्या वयाला हे झेपणार नाही" हे माणसाबद्दल आहे. दुसरा प्रश्न: हीच गोष्ट वर्गातल्या कुणालाही याच शब्दांत म्हटली असती का? आणि तिसरा: समोरच्याला 'नको' म्हणायला वाव आहे का, आणि 'नको' म्हटल्यावर ती गोष्ट थांबते का?

या तिसऱ्या प्रश्नावर थोडं थांबतो, कारण नृत्य, योग, अभिनय, प्रथमोपचार, शरीराशी संबंधित कुठल्याही शिकवणीत सगळं इथेच येऊन अडतं. खांदा किती अंशात फिरवायचा हे हात लावून पटकन समजतं, यात शंका नाही. पण "हात लावून दाखवू की शब्दांत सांगू?" हे विचारायला दोन सेकंद लागतात. आणि विचारणं पहिल्या दिवशी एकदाच करून भागत नाही, कारण काल चाललं म्हणून आज चालेलच असं नाही. विचारण्याची सवय असलेल्या वर्गात वेगळा हात चटकन ओळखू येतो, हा त्याचा आणखी एक फायदा.

"दोघं मोठी आहेत, त्यांचं जमलं तर तुम्ही कोण?"

दोन सहविद्यार्थ्यांचं जमलं तर कुणीच नाही. शिकवणारा आणि शिकणारी, किंवा उलट, असं असेल तर मात्र प्रश्न फक्त त्या दोघांचा राहत नाही. ज्याच्या हातात गुण आहेत त्याने विचारलं तर दिलेला होकार किती मोकळा होता, हे बाहेरून कळत नाही. कित्येकदा आतूनही कळत नाही. शिवाय बाकीच्या वर्गाला गुण न्याय्य मिळतायत यावर विश्वास ठेवायचा असतो. त्यामुळे मला पटलेला नियम साधा आहे: मूल्यमापनाचं नातं असेपर्यंत दुसरं नातं नाही. भावना खरी असेल तर ती बारा आठवडे थांबू शकते. थांबायचंच नसेल, तर गुण देण्याचं काम दुसऱ्याकडे सोपवावं आणि तसं संस्थेला लेखी कळवावं.

टाळायचं कसं

पहिल्या दिवशी वेळापत्रकाबरोबरच वागण्याचे नियम सांगावेत. पाच वाक्यं पुरतात, पण ती उदाहरणांसह हवीत. 'सर्वांनी आदराने वागावे' हे वाक्य भिंतीवरच्या रंगासारखं असतं, कुणी वाचत नाही. 'वर्गातल्या कुणाचा नंबर ग्रुपमधून उचलून खासगी मेसेज करायचा असेल तर आधी वर्गात विचारा' हे वाक्य मात्र कामाला येतं.

त्याच दिवशी सांगायची दुसरी गोष्ट म्हणजे तक्रार कुणाकडे करायची. इथे 'कुणाकडे' याची उत्तरं निदान दोन असायला हवीत. इमारतीला आग लागली तर बाहेर पडायला एकच दार चालत नाही, कारण आग त्याच दारापाशी लागलेली असू शकते. तक्रारीचंही तसंच. शिकवणाराच तक्रार ऐकणारा असेल तर शिकवणाऱ्याविरुद्धची तक्रार कुठे जाणार? दोन वेगळी माणसं, त्यातलं निदान एक संस्थेच्या रोजच्या कारभाराबाहेरचं, दोघांचेही नंबर सगळ्यांकडे. छोट्या वर्गालाही हे जमतं. एकटी बाई घरी वर्ग घेत असेल तर तीही दुसऱ्या एखाद्या शिक्षिकेशी ठरवू शकते: माझ्या विद्यार्थ्यांची गाऱ्हाणी तू ऐक, तुझ्यांची मी ऐकते.

तिसरी गोष्ट, सत्ता एका मुठीत ठेवू नये. अंतिम गुणांवर दुसऱ्या कुणाची नजर फिरावी. एकट्याची शिकवणी द्यायची असेल तर दिसेल अशा जागी द्यावी, वेळ नोंदवलेली असावी. निरोप संस्थेच्या ठरलेल्या ग्रुपवर किंवा ईमेलवर जावेत. शिकवणाऱ्याच्या खासगी नंबरवरून रात्री अकराला जाऊ नयेत. ऑनलाइन वर्गात खासगी चॅट उघडं ठेवायचं की बंद, हे आधीच ठरवावं. यातून प्रामाणिक शिक्षकावर अविश्वास दाखवला जातो असं काहींना वाटतं. मला उलट वाटतं. बँकेतल्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात, त्या कारकून चोर आहे म्हणून नसतात. त्यामुळे कारकुनालाही रात्री शांत झोप लागते.

आणि चौथी, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: कुणी यायचं थांबलं तर फोन करावा, पण शिकवणाऱ्याने करू नये. दुसऱ्या कुणीतरी करावा. आणि "का येत नाही?" असं विचारू नये, त्याचं उत्तर 'घरची अडचण' हेच येणार. "वर्गातली कुठली गोष्ट बदलली असती तर तुम्ही राहिला असता?" असं विचारावं. उत्तरांची नोंद ठेवावी. एकाच शिक्षकाच्या, एकाच वेळेच्या वर्गातून दर वर्षी खुर्च्या रिकाम्या होत असतील, तर तो आकडा काहीतरी सांगतोय.

समोर घडताना बाकीचे गप्प का बसतात

१९६८ साली जॉन डार्ली आणि बिब लाताने या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून माइकवरून एकमेकांशी बोलायला लावलं. मध्येच एकाला अपस्माराचा (फिटचा) झटका आल्याचा आवाज ऐकवला. हे आपण एकट्यानेच ऐकलं असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यातले ८५ टक्के तो आवाज चालू असतानाच मदतीला धावले. आणखी चार जण ऐकतायत असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यातले ३१ टक्केच. माणसं तीच, काळीजही तेच. फक्त जबाबदारी पाच जणांत वाटली गेली आणि प्रत्येकाच्या वाट्याला थोडी थोडी आली.

वर्गातही हेच होतं. वीस जण अस्वस्थ असतात आणि प्रत्येक जण बाकीच्या एकोणिसांकडे बघत असतो. ही कोंडी फोडायला शूरवीर लागत नाही. धडा थांबवून "सर, मागच्या गणितात मला शंका आहे" म्हटलं तरी तो क्षण मोडतो. वर्गानंतर जिला त्रास झाला तिच्याजवळ जाऊन "मी पाहिलं ते, मलाही ते खटकलं. तुम्हाला काही हवंय का?" एवढं विचारलं तर तिच्या मनातली 'मलाच उगीच वाटतंय का?' ही शंका तिथेच संपते. जे पाहिलं ते त्याच रात्री तारीख-वेळेसह लिहून ठेवलं, तर पुढे फार उपयोगी पडतं. ती नोंद मात्र तिच्या हवाली करावी. तिला न विचारता तक्रार ठोकणं किंवा ग्रुपवर टाकणं म्हणजे तिच्या हातून आणखी एक निर्णय काढून घेणं.

तक्रार आली तर

पहिल्यांदा ऐकणाऱ्याची पहिली पाच मिनिटं सगळ्यात जड असतात. त्या वेळी तपास करायचा नसतो. "तुला नक्की आठवतंय का?", "तो तर तसा वाटत नाही" ही वाक्यं गिळावीत. "सांगितलंस ते बरं केलंस" म्हणावं आणि शब्द जसेच्या तसे टिपावेत. 'हे कुणालाही कळणार नाही' असं वचन मात्र देऊ नये. चौकशी व्हायची तर काही लोकांना कळणारच. ज्यांना कळणं आवश्यक आहे त्यांनाच कळेल, एवढंच खरं वचन देता येतं.

मग लगेच करायचं ते तात्पुरतं संरक्षण. इथे संस्था हमखास एक चूक करतात: तक्रारदारालाच दुसऱ्या तुकडीत हलवतात. तिला गैरसोयीची वेळ, नवी माणसं, आणि तो आपल्या जागी. हलवायचंच असेल तर ते तिने मागितलं असेल तरच. नाहीतर तिच्या मूल्यमापनातून त्याला बाजूला करावं. भारतात कामाच्या ठिकाणी होणाऱ्या स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्याखाली २०१३ साली जे नियम झाले, त्यांत हे स्पष्ट लिहिलेलं आहे: तक्रारदार स्त्रीने लेखी मागणी केली तर शैक्षणिक संस्थेत प्रतिवादीला, म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला, तिच्या अभ्यासावर देखरेख करण्यापासून रोखण्याची शिफारस तक्रार ऐकणारी समिती करू शकते. चौकशी पूर्ण व्हायच्या आधी. ही शिक्षा नव्हे. चेंडू कुठे पडला ते ठरेपर्यंत खेळ थांबवतात, तसंच हे.

वेळेचा प्रश्न तर फारच नाजूक आहे. १९७७ मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठातल्या काही विद्यार्थिनी कोर्टात गेल्या. शिक्षणातला लैंगिक छळ म्हणजे लिंगाधारित भेदभाव, असा त्यांचा दावा होता. १९८० मध्ये वरच्या कोर्टातही त्या हरल्या. कारणांत हेही होतं, की बहुतेकींचं शिक्षण तोवर पूर्ण झालं होतं आणि विद्यापीठाने तक्रारीची यंत्रणा दरम्यान उभी केली होती. खटला हरूनही त्यांनी पुढच्यांसाठी वाट करून ठेवली. पण पदवीचा काळ कित्येक वर्षांचा असूनही न्याय मागे पडला, तर बारा आठवड्यांच्या वर्गाचं काय होईल? म्हणून कोर्स संपला की तक्रारही संपली, असा नियम कुठेही असता कामा नये.

"आणि तक्रार खोटी असली तर?"

हा प्रश्न टाळून चालणार नाही. आरोप झाला त्या माणसालाही आयुष्य आहे, घर आहे. त्याला आरोप लेखी मिळायला हवेत, आपली बाजू आणि साक्षीदार मांडता यायला हवेत, निर्णय देणारा तटस्थ हवा. हे सगळं करणं म्हणजे तक्रारदारावर अविश्वास नाही. नीट चौकशी झाली तरच निर्णय टिकतो.

पण 'सिद्ध झाली नाही' आणि 'खोटी होती' यात मोठं अंतर आहे. असले प्रकार बंद दाराआड घडतात, पुरावा तोकडा पडू शकतो. भारतीय कायदाही म्हणतो, की केवळ तक्रार सिद्ध करता आली नाही म्हणून तक्रारदारावर कारवाई करण्याचं कारण नाही. त्यासाठी तिचा हेतू वाईट होता हे चौकशीत वेगळं सिद्ध व्हावं लागतं. पुराव्याची पट्टीही फौजदारी खटल्याची नसते. तिथे 'वाजवी शंकेपलीकडे' सिद्ध व्हावं लागतं, कारण माणूस तुरुंगात जाणार असतो. संस्थेच्या चौकशीत कुठल्या बाजूचं पारडं जड आहे, ते बघतात.

कायदा कुठवर येतो

लोकांना वाटतं त्याहून पुढे. वर सांगितलेला १९० क्रमांकाचा करार जून २०२१ पासून लागू झाला. त्याच्या कक्षेत प्रशिक्षणार्थी, उमेदवार, स्वयंसेवक आणि नोकरी शोधणारेही येतात. ज्या देशांनी तो मान्य केलाय तिथेच तो बंधनकारक आहे. भारतात कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दल सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये दिलेल्या विशाखा निकालातून वर आलेला २०१३ चा कायदा आला. त्यात 'कामाच्या ठिकाणा'त व्यावसायिक आणि शैक्षणिक सेवा देणाऱ्या खासगी संस्थाही धरल्या आहेत, आणि तक्रारदार स्त्री तिथे नोकरीला असलीच पाहिजे अशी अट नाही. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर अंतर्गत समिती, त्याहून कमी असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती. तक्रारीची मुदत घटनेपासून तीन महिने, कारण पटलं तर आणखी तीन. हा कायदा स्त्रियांच्या लैंगिक छळापुरता आहे. पुरुष विद्यार्थी, किंवा लैंगिक नसलेला छळ, यांच्यासाठी संस्थेचे स्वतःचे नियमच आधी कामाला येतात. म्हणून ते आधीपासून लिहिलेले हवेत.

ज्याने खुर्ची सोडली त्याच्यासाठी

यावर सहसा कुणी बोलत नाही. चौकशी झाली, शिक्षक गेला, फाइल बंद झाली. पण जी पाचव्या आठवड्यापासून यायची बंद झाली तिचे आठ आठवडे तसेच राहिले. तिला उरलेला भाग दुसऱ्या शिक्षकाकडे, पुन्हा फी न घेता पूर्ण करू द्यावा. हजेरीची अट तिच्यासाठी शिथिल करावी. यायचंच नसेल तर पूर्ण फी परत द्यावी, आणि त्यासाठी तिला अर्जात कारणाचा रकाना पुन्हा भरायला लावू नये. झालेल्या भागाचं प्रमाणपत्र तिला न मागता मिळावं. आणि हजेरीपटावर तिच्या नावापुढचा 'वैयक्तिक कारण' हा शेरा खोडून तिथे खरं कारण लिहायचं की नाही, हे तिला विचारावं.